पावसाळ्यात उघडलेले विधान भवन

6 जुलै 2018, शुक्रवार. राज्य विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनाचा तिसरा दिवस. नागपुरात सकाळपासून धो-धो पाऊस सुरू होता. सिव्हिल लाइन्समधल्या विधान भवनाच्या आवारात पाणी साचले, ते विजेच्या स्विचिंग सेंटरमध्ये शिरले आणि खबरदारी म्हणून इमारतीची वीज बंद करावी लागली. आमदार आलेले, अधिकारी आलेले, पण वीज नाही म्हणजे दिवे नाहीत, माइक नाहीत. विधानसभेचे कामकाज आधी तासाभरासाठी आणि मग दिवसभरासाठी तहकूब झाले. विरोधकांना आयताच मुद्दा सापडला. त्यात आवारातली नाली उपसताना प्लास्टिकच्या आणि दारूच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या. मग पाऊस बाजूला राहिला आणि बाटल्यांचीच बातमी झाली.

त्या दिवसानंतर शहरात दोन प्रकारची स्पष्टीकरणे ऐकू येत. इमारत इंग्रजांच्या वेळची, जुनी झाली, हे एक. आणि पाऊसच असा पडला की कोणाचे काही चालले नसते, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, पण तेवढ्यावर प्रकरण मिटवले तर त्यातून शिकण्यासारखे काहीच उरत नाही. माझे मत असे की, नागपूरच्या विधान भवनाची देखभाल वर्षानुवर्षे डिसेंबरच्या तारखेला बांधलेली आहे. जुलैच्या मुसळधार पावसात, भरल्या सभागृहासह, ही इमारत कशी चालते याची परीक्षा कित्येक दशकांत झालेलीच नव्हती. ती झाली त्या शुक्रवारी, थेट सगळ्या राज्यासमोर.

इमारतीचा मागचा प्रवास

मध्य प्रांत 1861 मध्ये स्थापन झाला आणि नागपूर त्याचे मुख्यालय ठरले. 1903 मध्ये वऱ्हाडचा कारभार त्याला जोडला गेला. आजच्या विधान भवनाचा पाया 1912 चा. प्रांताचे पहिले कायदेमंडळ ऑगस्ट 1914 मध्ये बसले, तेव्हा त्यातले सदस्य दोन-अडीच डझनांच्या पुढे नव्हते. ही संख्या लक्षात ठेवायची, कारण इमारतीवरचा ताण वयाने जितका वाढला त्याहून जास्त या आकड्याने वाढला आहे.

1937 च्या निवडणुकीनंतर मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत 112 सदस्य होते. डॉ. ना. भा. खरे प्रांताचे पंतप्रधान होते (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसेच म्हणत), घनश्याम सिंह गुप्त अध्यक्ष. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये जुन्या मध्य प्रदेशाची विधानसभा 232 सदस्यांची झाली, राजधानी अजून नागपूरच. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. चाळीस-पंचेचाळीस वर्षे राजधानीच्या शहरात उभी असलेली ही इमारत एका तारखेला हंगामी झाली.

तिला पुन्हा विधिमंडळ मिळाले ते 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारामुळे. शासनाने दरवर्षी ठराविक काळ नागपुरात मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन इथे भरावे, असे त्यात ठरले होते. महाराष्ट्र स्थापन झाल्यावर 1960 मध्येच पहिले नागपूर अधिवेशन भरले. तेव्हा विधानसभा 264 जणांची होती, 1978 पासून ती 288 ची आहे. विधान परिषदेचे 78 धरले तर 366 लोकप्रतिनिधी. त्यांच्यामागे सचिवालयाचे कर्मचारी, खात्यांचे सचिव, पत्रकार, पोलीस, पास काढून आलेले कार्यकर्ते आणि कामे घेऊन आलेली माणसे. आवारात वेळोवेळी नव्या इमारतींची भर पडली. तरी मूळ जागा तीच, तिचा उतारही तोच.

आता या वापराचा दुसरा आकडा पाहू. 2022 चे हिवाळी अधिवेशन 19 ते 30 डिसेंबर चालले, 2023 चे 7 ते 20 डिसेंबर, 2024 चे 16 ते 21 डिसेंबर. करोनामुळे 2020 मध्ये ते नागपुरात झालेच नाही आणि 2021 मध्येही मुंबईतच उरकले. म्हणजे वर्षातले एक-दोन आठवडे इमारत माणसांनी फुगते आणि बाकीचा काळ शांत असते. 1960 नंतरच्या देखभालीची सगळी रीत या दोन आठवड्यांभोवती विणली गेली.

अधिवेशन आले की

नागपूरकराला हिवाळी अधिवेशनाची चाहूल वर्तमानपत्रातून लागत नाही. रस्त्यावर रंगाचे डबे दिसू लागले की समजते. दिवाळी सरली की सिव्हिल लाइन्सला जाग येते. मंत्र्यांसाठी रवी भवन, राज्यमंत्र्यांसाठी नाग भवन, मुख्यमंत्र्यांचे रामगिरी, उपमुख्यमंत्र्यांचे देवगिरी, आमदार निवास, कर्मचाऱ्यांचे 160 गाळे, सचिवालयासाठी हैदराबाद हाऊस, सगळीकडे एकाच वेळी काम निघते. गाद्या, गीझर, पडदे, नळ, रंग. दुभाजकांना काळे-पांढरे पट्टे, चौकाचौकांत बॅरिकेड्ससाठी बांबू-बल्ल्या. मुंबईहून फायलींचे गठ्ठे भरून ट्रक येतात. थंडीत संत्री असतात, हुरडा असतो, सावजीची चौकशी करणारे पाहुणे असतात. नागपूरला या दिवसांचे अप्रूप आहे आणि ते असायला हरकतही नाही.

हे काम सार्वजनिक बांधकाम विभाग करतो आणि ते सोपे नाही. तारीख ठरलेली असते, ती पुढे ढकलता येत नाही, आणि त्या तारखेला राज्याचे सगळे मंत्रिमंडळ स्वतः येऊन काम पाहणार असते. इतकी कडक मुदत आणि इतके बारीक डोळे दुसऱ्या कुठल्या सरकारी इमारतीच्या वाट्याला येत नाहीत. त्यामुळे अधिवेशनाची कामे होतात आणि बहुधा चांगली होतात. अडचण वेगळी आहे. मुदत डिसेंबरची असली की काम डिसेंबरला दिसेल असेच होते. भिंतीला पोपडा आला तर तो खरवडून वरून रंग बसतो. ओल कुठून आली हे बघायला पाऊस पडावा लागतो, आणि नोव्हेंबरात पाऊस नसतो. गच्चीच्या पन्हळीत पाला अडकलाय का, हे कोरड्या हवेत कोणाच्या ध्यानात येत नाही. आवारातली नाली कोरडी असली की ती साफच वाटते.

बांधकामाशी संबंधित माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते, "करून टाकू ना साहेब, अधिवेशन येऊ द्या." ते आळसाने म्हटलेले नसते. अधिवेशनाच्या नावावर मंजुरी पटकन मिळते आणि इतर वेळी तीच फाइल टेबलावरून टेबलावर फिरते, हा अनुभव त्यामागे असतो.

आपल्याकडे खेड्यात घर शाकारायची वेळ ठरलेली असे. रोहिण्या निघाल्या की कौले उतरवून फुटकी बदलायची, पन्हळी झाडायच्या, मृगाच्या आत घर तयार. त्या घराच्या मालकाला सण-समारंभाच्या तारखाही होत्या, पण छपराची तारीख पावसाने ठरवलेली. सरकारी इमारतीच्या पंचांगात दोनच तारखा ठळक, उद्घाटनाची किंवा अधिवेशनाची एक आणि 31 मार्चची दुसरी. मार्चअखेर पैसे खर्ची पडतात. एप्रिल-मे हे मान्सूनपूर्व कामाचे महिने, आणि नेमके तेव्हाच नव्या वर्षाचा निधी वितरित व्हायचा असतो. अधिवेशनाची कामे निघतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे पाऊस सरल्यावर.

2018 मध्ये बदल काय झाला

त्या वर्षी मुंबईतल्या मनोरा आमदार निवासाच्या पुनर्बांधणीमुळे आमदारांच्या राहण्याचा प्रश्न होता, म्हणून पावसाळी अधिवेशन नागपुरात घ्यायचे ठरले. अनेक दशकांनी पहिल्यांदाच. 4 जुलैला ते सुरू झाले. निर्णयावर राजकीय बाजूने बरेच बोलले गेले, ते इथे सोडून देतो. देखभालीच्या नजरेने पाहिले तर फरक एवढाच की, डिसेंबरच्या तयारीची सवय असलेल्या यंत्रणेला आता जुलैसाठी तयारी करायची होती. नागपूरच्या वर्षभराच्या पावसातला फार मोठा वाटा जून ते सप्टेंबरात पडतो, डिसेंबरात जेमतेम शिंतोडे. रंग, गालिचे, गाड्यांची सोय, निवास ही यादी दोन्ही ऋतूंत सारखीच राहते. पाणी मात्र डिसेंबरच्या यादीत कधी नसतेच.

आता पाण्याचा हिशेब. हे विधान भवनाचे माप नव्हे, अंदाज यावा म्हणून एक हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर फरसबंद आवार धरू. तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर तासाभरात 500 घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी येते. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. सेकंदाला जवळपास 140 लिटर. 300 मिलिमीटर व्यासाचा पाइप दोनशेस एक अशा उतारावर पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला साधारण 70 लिटर नेतो. म्हणजे असे दोन पाइप, पूर्ण रिकामे आणि पुढे मोकळी वाट असलेले, तेव्हा कुठे पाणी हलणार. त्यातला एक निम्म्यापर्यंत गाळाने भरला असेल तर त्याची क्षमता निम्म्याहूनही खाली येते. उरलेल्या पाण्याला आवारातच थांबावे लागते आणि ते सगळ्यात खोल जागा शोधते.

मूळ सिव्हिल लाइन्स आखली गेली तेव्हा हा हिशेब वेगळा होता. मोठमोठी आवारे, मध्ये इमारत, भोवती माती, गवत आणि झाडे. मातीवर पडलेल्या पावसातला बराचसा मुरत असे किंवा हळूहळू वाहत असे. नंतर गाड्या वाढल्या, वाहनतळ झाले, पेव्हर ब्लॉक आले, मंडपासाठी, पक्ष कार्यालयांसाठी, सुरक्षा तपासणीसाठी पक्की जागा हवी झाली. फरशीवरचे पाणी जवळजवळ सगळे वाहते आणि लगेच वाहते. शिवाय शहरभर सिमेंटचे रस्ते झाले. जुन्या डांबरी रस्त्यावर सिमेंटचा थर चढला की रस्ता वर येतो आणि बाजूचे आवार खाली राहते. धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत ज्यांच्या फाटकातून पावसाळ्यात रस्त्याचे पाणी आत येते, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आवारांचा विचार आपण गर्दी आणि बंदोबस्त यांच्या अंगाने करतो. नागपुरात त्याला सबळ कारण आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 जण गेले. त्यांचे स्मारक झिरो माइलजवळ उभे आहे. माणसे कुठून येतील, कुठे थांबतील, कुठून बाहेर पडतील, याचा नकाशा पोलिसांकडे दरवर्षी तयार असतो. पाणी कुठून येईल आणि कुठून बाहेर पडेल याचाही तसाच नकाशा, अद्ययावत, एका कागदावर असला पाहिजे. बहुतेक जुन्या सरकारी आवारांत तो तुकड्या-तुकड्यांत असतो आणि काही तुकडे फक्त निवृत्त झालेल्या मिस्त्रीच्या डोक्यात असतात.

जाळी, चेंबर आणि बाटली

बाटल्यांबद्दल थोडे बोलावेच लागेल, कारण लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले आहे. विधान भवनाच्या नालीत दारूची बाटली, ही गंमत कोणाला सुचणार नाही? पण पाणी अडवण्याच्या कामात काचेची बाटली हा दुय्यम आरोपी. पावसाळी नालीच्या चेंबरचे झाकण उचलून आत पाहिले की खरा प्रकार कळतो. तळाला मुरमाचा आणि काळ्या मातीचा गाळ, त्यावर सडलेला पाला, पाल्यात गुंतलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या. नागपूरच्या नाल्यांत खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) पन्न्या किती निघतात हे सफाई कामगारांना विचारा. छोटी, पातळ, चिवट पन्नी ओल्या पानाला चिकटते आणि जाळीच्या फटीवर बसते. दहा-वीस पन्न्या आणि मूठभर पाला एवढ्यावर जाळी बंद होते. बाटली आली की या गोळ्याला आधार मिळतो, इतकेच.

जाळीचेही एक शास्त्र आहे. फट मोठी ठेवली तर कचरा आत जातो आणि पाइप तुंबतो, लहान ठेवली तर कचरा वर अडकतो आणि पाणी आवारात साचते. दुसरा पर्याय बरा, कारण वरचा कचरा दिसतो आणि झाडूने काढता येतो. पण पाऊस सुरू असताना तो काढायला तिथे माणूस उभा हवा. जुलैच्या अधिवेशनासाठी रेनकोट घातलेली चार माणसे, लोखंडी दाताळे आणि जाळ्यांच्या जागा दाखवणारा कागद, एवढ्याने त्या सकाळचे चित्र बरेच बदलू शकले असते, असे मला वाटते. रंगकामाच्या एका खोलीच्या खर्चातही बसले असते.

स्विच रूम

पाणी आवारात साचणे ही गैरसोय. ते विजेच्या खोलीत जाणे हा धोका. त्या दिवशी वीज बंद करण्याचा निर्णय अगदी बरोबर होता, हे मुद्दाम सांगतो, कारण अंधाराची इतकी थट्टा झाली की तो अपयशाचा पुरावाच ठरला. ओल्या पॅनेलवर वीज चालू ठेवून सभागृह चालवले असते तर अनर्थ झाला असता.

प्रश्न त्याआधीचा आहे. अशा खोल्यांत पाणी बहुतेक वेळा दारातून येत नाही. दाराला उंबरा असतो, वाळूची पोती टाकता येतात, माणसाचे लक्ष असते. पाणी येते केबल ट्रेंचमधून. जमिनीखालून येणाऱ्या केबल्ससाठी खोलीच्या तळाशी चर खणलेला असतो, त्यावर चेकर्ड प्लेटची, म्हणजे खडबडीत लोखंडी पत्र्याची, झाकणे असतात. बाहेरून केबल जिथे भिंत ओलांडते तिथला पाइप नीट बंद केलेला नसेल तर बाहेर साचलेले पाणी त्याच पाइपातून चरात उतरते. चर भरतो, झाकणाच्या फटीतून पाणी वर येते, आणि दाराशी पोती लावून उभ्या असलेल्या माणसाला पाठीमागून पाणी दिसते. नवी केबल टाकताना जुना पाइप फोडायचा आणि काम झाल्यावर गोणपाट कोंबून निघून जायचे, ही आपल्याकडची सर्रास रीत. अधिवेशनाच्या आधी तात्पुरत्या केबल्स किती पडतात हे लक्षात घेतले तर अशी भोके किती वाढत जात असतील याची कल्पना येते.

मग लोक विचारतात, जनरेटर नव्हता का? जनरेटर असला तरी त्याची वीज बहुतेक ठिकाणी त्याच मुख्य पॅनेलमधून फिरते. पॅनेलच पाण्यात असेल तर वीज महावितरणची असो की जनरेटरची, ती पुढे जाऊ शकत नाही. पर्यायी पुरवठा खराखुरा पर्यायी असायचा तर त्याचे पॅनेल वेगळ्या खोलीत आणि वरच्या पातळीवर हवे. नव्या रुग्णालयांत हे आता सांभाळले जाते. जुन्या इमारतींत विजेची खोली खाली आणि मागच्या बाजूला, कारण तिथे जागा शिल्लक होती.

त्यात आणखी एक गुंता आहे. इमारत बांधकाम विभागाच्या स्थापत्य शाखेकडे, वीज त्याच विभागाच्या वेगळ्या विद्युत शाखेकडे, येणारी लाइन वीज कंपनीची, आवाराबाहेरची नाली महापालिकेची आणि वापर विधिमंडळ सचिवालयाचा. प्रत्येकाने आपापले काम चोख केले तरी भिंतीजवळचे ते केबलचे भोक कोणाच्याच यादीत नसते. स्थापत्यवाल्याच्या दृष्टीने ते विजेचे काम, वीजवाल्याच्या दृष्टीने ते भिंतीचे काम. आवाराची नाली बाहेरच्या नालीला जिथे मिळते त्या चेंबरचेही तेच. इमारतीतल्या बिघाडाची मुळे शोधायची तर मी आधी अशा शिवेवरच्या जागा पाहीन.

जुन्या भिंतींचे काय

त्या दिवशी 1912 सालच्या इमारतीचे छत कोसळले नव्हते, भिंत खचली नव्हती. बंद पडली ती वीज, म्हणजे इमारतीतला नंतर आलेला भाग. जुनेपणाला दोष देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. शिवाय नवेपण म्हणजे हमी नव्हे. दिल्लीत 2023 मध्ये सुरू झालेल्या नव्या संसद भवनाच्या लॉबीत 2024 च्या पावसाळ्यात छतातून पाणी ठिबकले आणि खाली बादली ठेवावी लागली. काचेच्या घुमटाचा सांधा चिकटवणारे रसायन थोडे सरकल्याचे लोकसभा सचिवालयाने सांगितले, दुरुस्तीही लगेच झाली. पाणी सांध्यातून येते, आणि सांधे नव्या इमारतीतही असतातच.

जुन्या भिंतींना मात्र वेगळी निगा लागते. त्या काळच्या वीट-चुन्याच्या भिंती ओल शोषतात आणि हवा मिळाली की सोडतात. चुन्याचा गिलावा हे होऊ देतो. दुरुस्तीच्या घाईत त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वरून तेलकट रंग चढवला की ओल आत कोंडते. मग क्षार बाहेर येतात, भिंतीला लोणा लागतो, विटेचा चुरा होऊ लागतो. पुढच्या नोव्हेंबरात तो भाग खरवडून पुन्हा सिमेंट, पुन्हा रंग. दरवर्षी खर्च होतो आणि दरवर्षी भिंत थोडी आतून पोकळ होते. चुन्याचे काम करणारा कारागीर शोधावा लागतो, चुना भिजवून मुरवावा लागतो, गिलावा वाळायला आठवडे लागतात. अधिवेशनाला पंधरा दिवस उरले असताना हे कोण करणार? हेच काम जानेवारीत काढले तर सगळी सवड आहे. नागपूरच्या जानेवारी-फेब्रुवारीची हवा चुन्याला मानवते, मे महिन्यातला 45 अंशांचा ताव मानवत नाही. गिलावा वाळण्याआधीच तडकतो.

बंद खोल्यांचा त्रास वेगळा. सहा-आठ महिने कुलूप असलेल्या दालनात पावसाळ्यात हवा खेळत नाही. सागाच्या दारांना बुरशी येते, गालिच्याला वास येतो, फॉल्स सीलिंगच्या वर गळती असेल तर ती पत्र्याला डाग पडेपर्यंत कोणाला दिसत नाही. वाळवीला अशीच शांतता आवडते. यावर उपाय साधा आहे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सगळी दालने उघडायची, पंखे लावायचे, भिंतींवरून हात फिरवायचा आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे.

त्यानंतर

4 जानेवारी 2021 ला नागपूरच्या विधान भवनात विधिमंडळ सचिवालयाचा कायमस्वरूपी कक्ष सुरू झाला. राजकीयदृष्ट्या तो विदर्भाला दिलेला मान म्हणून पाहिला गेला. देखभालीच्या दृष्टीने त्याचे मोल मला जास्त वाटते. बाराही महिने आत माणूस असला की गळतीची तक्रार जुलैत होते आणि जुलैत केलेली तक्रार नोव्हेंबरच्या रंगाखाली दबत नाही.

शहराला मात्र पाण्याने पुन्हा गाठले. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे झालेल्या ढगफुटीसारख्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले, सीताबर्डीतले मोर भवन बसस्थानक पाण्यात गेले. थोड्या तासांत प्रचंड पाऊस हा प्रकार आता शहराला नवा राहिलेला नाही. म्हणून विधान भवनासारख्या आवारात पाऊस पडतानाची पाहणी ही वर्षातली मुख्य पाहणी धरायला हवी. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत स्थापत्य आणि विद्युत अशा दोन्ही शाखांचे अभियंते, महापालिकेच्या झोनचा माणूस आणि सचिवालयाचा प्रतिनिधी यांनी छत्र्या घेऊन आवार एकत्र फिरावे. कुठे पाणी थांबते, किती वेळ थांबते, कोणत्या जाळीवर भोवरा दिसत नाही, हे तिथल्या तिथे नोंदवावे. भोवरा नसेल तर जाळी बंद आहे, इतके ते सोपे आहे. स्विच रूममधल्या चराला पंप आणि पाण्याची पातळी वाढली की वाजणारी घंटा बसवायला फार पैसे लागत नाहीत. केबलच्या प्रत्येक भोकाला क्रमांक द्यावा आणि जो ते फोडेल त्यानेच बंद करून सही करावी.

अलीकडे विधान भवनाच्या विस्ताराची आणि मध्यवर्ती सभागृहाची चर्चा सुरू आहे. आराखडा सादर होईल तेव्हा आसने किती, दालने किती, वाहनतळ केवढा हे सगळे विचारले जाईल. बांधकाम विभागाच्या बैठकीत कोणीतरी त्याच नकाशावर पॅनेल रूमची पातळी समोरच्या रस्त्यापेक्षा किती वर आहे आणि वाढीव फरसबंदीचे पाणी कुठल्या चेंबरला जोडले आहे, हेही विचारावे. हे दोन आकडे निविदा निघण्याआधी बदलता येतात. काँक्रीट पडल्यावर ते बदलायचे म्हटले तर भिंत फोडावी लागते.